टेकडीवरचा खोडवा

फाल्गुन लागला की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतली टेकडी आधी पिवळी पडते, मग मातकट होते, आणि वार्षिक परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घरी येईपर्यंत तिला रंग म्हणून काही उरतच नाही. पुण्याच्या या टोकाला आम्ही फ्लॅट घेतला तो टेकडीकडे बघून. बिल्डरच्या माणसाने खिडकी उघडून दाखवली होती आणि ऐटीत म्हणाला होता, "मॅडम, रोज सकाळी जंगल!" आता त्या जंगलाच्या पायथ्याशी आणखी सहा इमारती झाल्यात आणि माझ्या वाट्याला दोन पाण्याच्या टाक्यांमधून दिसेल तेवढा तुकडा आलाय. खरं सांगायचं तर मला तेवढाही नको असतो.

तीन वर्षं झाली, मी वर गेलेले नाही. कुणी विचारलं तर गुडघे पुढे करते. गुडघे दुखतात हे काही खोटं नाही. पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिल्यावर कुणाचे दुखणार नाहीत? पण सकाळी डोळे उघडतात तेच दमलेले, त्याला गुडघे काय करणार?

परवा सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. गवत वाळलंय, जाळरेषा काढायच्या आहेत, रविवारी सकाळी सहाला वरच्या टाकीपाशी जमावे, विळा असल्यास आणावा. खाली मोडककाकांचं नाव. जाळरेषा म्हणजे टेकडीच्या अंगावरचं गवत काढून केलेला मोकळा पट्टा. आग लागलीच तर ती पलीकडे जाऊ नये म्हणून. मी निरोप वाचला, फोन पालथा ठेवला आणि सातवीचा गठ्ठा पुढे ओढला. दोन पेपर तपासले. तिसऱ्यावर कुणाचं नाव होतं तेही आता आठवत नाही.

खिडकीतून वाळक्या गवताचा वास येत होता. उन्हाने भाजलेला, किंचित गोड, नाकात जाऊन बसणारा. हा वास मला दोन ठिकाणचा माहीत आहे. एक या टेकडीचा. दुसरा माझ्या माहेरचा, अंथुर्ण्याचा, ऊसतोडीची टोळी पुढच्या रानात गेल्यावर मागे जो पाचटाचा थर पडतो, त्याचा.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसतं हिरवंगार दिसतं. शहरातली माणसं गाडीची काच खाली करून म्हणतात, काय थंडगार मुलूख आहे! त्यांना काय ठाऊक, त्या हिरव्यात टेकायला सावली नसते. उसाला ऊन लागतं, म्हणून बांधावरची बाभळ जाते, लिंब जातो, आणि मग डांबरीपासून पाटापर्यंत ऊस एके ऊस. आम्ही पोरं उसाच्या सरीत लपायचो, पानांनी हातावर ओरखडे काढून घ्यायचो, आणि आई चिंचेच्या पाल्याने हात चोळत शिव्या घालायची. रानात झाड नावाची गोष्ट माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आयुष्यभर काढली. लावली कधीच नाही. त्यांना त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. कुणालाच वाटत नव्हतं.

आई गेली त्याच्या पुढच्या माघात मी आबांना पुण्याला घेऊन आले. आणले म्हणजे अक्षरशः उचलून आणले. आबा विहिरीवरची मोटार चालू करायला गेले आणि पाय घसरून कडेला पडले, ते दुपारपर्यंत तिथेच. चुलतभाऊ वैरण न्यायला आला म्हणून दिसले. मला कळलं ते दोन दिवसांनी, तेही चुलतभावाकडून. आबा फोनवर एवढंच म्हणाले होते, "बरं हाय की." त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाला आता एकटं ठेवायचं नाही. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे राहावं, बस.

आणि नेमकं तेच अवघड होतं. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरी मुक्कामाला राहत नाहीत. आली तर चहा घेतात, लेकीच्या हातात काहीतरी ठेवतात आणि संध्याकाळच्या गाडीला लागतात. आबा आले ते गुळाची ढेप, दोन पायली ज्वारी आणि डाळिंबांची पिशवी घेऊन. जणू आधी भरून ठेवायचं आणि मग त्यातलं जेवायचं. पहिला महिना त्यांनी अर्धी भाकरी कमीच खाल्ली. मी आग्रह केला की म्हणायचे, "बसून खायाला किती लागतंय?" आमचे हे महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, मी शाळेत. आबा गॅलरीत उभे राहून पार्किंगमधल्या गाड्या बघायचे. दर रविवारी विचारायचे, "नंदे, मी आता जाऊ का?" आणि मी दर रविवारी काहीतरी कारण काढायचे. एकदा तर माझा दात दुखतोय म्हणून सांगितलं.

मग एका सकाळी ते टेकडीवर गेले आणि हसतच खाली आले. आई गेल्यानंतर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"अगं, ती शानी माणसं झाडाला बाटलीनं पाणी घालत्यात! लेकराला दूध पाजावं तसं!"

ती शहाणी माणसं म्हणजे मोडककाका आणि त्यांची दहा-बारा जणांची मंडळी. मोडककाका वर्कशॉपातून निवृत्त झालेले. त्यांनी टेकडीवरच्या प्रत्येक रोपाला पत्र्याचा नंबर लावला होता आणि कोण कुठल्या नंबराला किती बाटल्या घालणार याचा तक्ता टाकीवर चिकटवला होता. आबांनी तक्ता वाचला नाही. एका रोपाभोवती बसून हाताने आळं केलं, उताराकडच्या बाजूला दगड लावले आणि म्हणाले, "आता वता." पाणी पहिल्यांदाच वाहून गेलं नाही. मोडककाका बघत राहिले. पंधरा दिवसांत मागच्या उताराची चाळीस झाडं आबांच्या नावावर झाली आणि टेकडीवरचे यच्चयावत निवृत्त लोक त्यांना 'आबा' म्हणायला लागले, त्यातले दोघे तर त्यांच्याहून मोठे असतील.

तो हंगाम माझ्या आयुष्यातला चांगला हंगाम होता असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण होता. पहाटे साडेपाचला दार वाजायचं. पाच लिटरचे दोन कॅन, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी. सुटीच्या दिवशी मीही जायचे. गिरिपुष्पाचा जांभळट फुलोरा, पायाखाली कुरकुरणारी पानं, दूर कुठेतरी मोर, आणि त्या सगळ्याच्या खाली हायवेची अखंड घरघर. आबा वर पोचले की उभे राहून शहराकडे बघायचे. "एवढी मानसं खात्यात काय गं?" म्हणायचे. जुन्या खाणीपाशी कमल भेटायची. खालच्या वस्तीतली, सहा शेळ्या घेऊन वर येणारी. तीन दगड मांडून ती चहा करायची. माझ्या घरी कप अर्धा ठेवणारे आबा तिच्या हातचा चहा बशी पुसून प्यायचे, कारण तिथे ते पाहुणे नव्हते, कामावरचे होते.

आणि एका रविवारी त्यांनी विचारलंच नाही. जाऊ का, हा प्रश्न आला नाही. मी भांडी घासत वाट बघत होते. पुढच्याही रविवारी आला नाही. आबांनी त्या दिवशी दीड भाकरी खाल्ली आणि मी मोरीत जाऊन रडले.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. ऊस तुटला की रानात गुडघाभर पाचट पडतं. ते पेटवून द्यायचं, बुडखे मोकळे करायचे आणि पाणी सोडायचं; मग त्याच बुडख्यातून नवा ऊस फुटतो, त्याला खोडवा म्हणतात. आता शेतकीवाले सांगतात की पाचट जाळू नका, कुजवा. आबा ऐकून घ्यायचे आणि पेटवायचे. पेटवल्याशिवाय रान झाडून काढल्यासारखं वाटत नाही, असं आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं म्हणणं. टेकडीवर त्यांच्या चाळीस झाडांभोवती वाळकं गवत आणि पाला साचला होता. मोडककाकांची मंडळी तो तसाच राहू द्यायची. आबांना ते बघवत नव्हतं. घाण रानात खोडवा कसा फुटणार?

त्यांनी सगळं रीतसर केलं होतं. फिरायला येणारे खाली गेल्यावर, सकाळी अकराच्या सुमाराला, चहूबाजूंनी हातभर पट्टा साफ केला, लिंबाचा डहाळा झोडपायला हाताशी ठेवला आणि वाऱ्याकडे पाठ करून काडी लावली. अंथुर्ण्याच्या सपाट रानात, शेजारी पाट वाहत असताना, पन्नास वर्षं हे चुकलं नव्हतं. पण टेकडीचा वारा खालून वर चढतो. गवताने काडी घेतली आणि आग उतारभर पळत सुटली.

मी घरी पेपर तपासत होते. खिडकीतून धूर दिसला. बंब पायथ्याशी येऊन उभा राहिला, त्याला वर वाटच नव्हती. माणसं डहाळ्यांनी झोडपत होती. तासाभरात आग विझली. आबांची चाळीस झाडं गेली आणि वरच्या अंगाला मोडककाकांनी आठ वर्षं जगवलेले बहावे गेले.

आबा आले तेव्हा त्यांच्या हातावरचे केस जळालेले होते आणि धोतराला काळे ठिपके. दारातच उभे राहिले, आत येईनात.

"माझ्या हातनं झालं, नंदे. मी मोडकांस्नी सांगून येतो."

"कुणी बघितलं का तुम्हाला?"

"न्हाय."

"मग कुठं जायचं नाही. आधी आत या."

मी त्यांना आत ओढलं, धोतर-सदरा बादलीत बुडवला आणि दोनदा घासला. त्यांना सांगितलं की वनखात्याची केस होईल, पोलीस येतील, सोसायटीत तोंड दाखवता येणार नाही. हे सगळं खरं होतं. पण माझ्या मनात यातलं एकही नव्हतं. मनात एकच होतं, आता यांना कुणी टेकडीवर येऊ देणार नाही, आणि टेकडी गेली की हे जाणार.

दुसऱ्या दिवशी मोडककाका घरी आले. डोळे लाल. आरोप करायला नव्हे, आबांना विचारायला आले होते. "आबा, तुम्ही शेतकरी माणूस. जळालेली झाडं वाचवता येतील का?" आबांनी तोंड उघडलं आणि मी चहा पुढे करत म्हणाले, "काका, वर कोण कोण येतं आपल्याला काय माहीत? कुणी चुली पेटवतं, कुणी काय. एखादी ठिणगी पुरते."

एवढंच. कुणाचं नाव घेतलं नाही मी. वर्गात पोरांना शिकवते की अर्धवट बोलणं हेसुद्धा खोटंच. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि बशी खाली ठेवली. मग मोडककाकांना म्हणाले, "बुडात जीव आसंल. खोडवा धरल्यावानी धरू."

पुढचे दहा-बारा दिवस तो म्हातारा राबला. जळालेली खोडं बुडापासून तिरकी छाटली, आळी नव्याने केली, राख बाजूला सारली आणि दिवसातून चार-चार खेपा पाणी वाहिलं. मी म्हणायचे, आबा, दमाल. ते पुढचा कॅन उचलायचे. घरात आम्ही दोघं एकमेकांना मीठ-भाजी विचारण्यापुरतं बोलत होतो. मला वाटलं, निभावलं. थोडे दिवस जातील, पालवी फुटेल, पावसाळा येईल.

मग एका रविवारी, आगीनंतर पहिल्यांदाच, आबा खाणीपाशी गेले तर कमल नव्हती. टाकीपाशी चौकशी केली. कुणीतरी सहज सांगितलं, त्या शेळ्यावालीला वनखात्याच्या रखवालदाराने वर यायला बंदी केलीय, तिच्याच चुलीने आग लागली ना.

मी तिथेच होते, हातात कॅन घेऊन. आबांनी डोक्यावरची टोपी काढली. ते टोपी फक्त देवापुढे आणि तिरडीपुढे काढतात.

"त्या बाईचा काय संबंध न्हाय. आग मी लावली. रान साफ कराया गेलो. माझी चूक हाय. काय करायचं ते करा."

मोडककाकांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "आबा, इतके दिवस... घरी तरी सांगितलंत का?"

"न्हाय," आबा म्हणाले. "पोरीला ठावं न्हाय. तिला आत्ताच कळतंय."

सगळे माझ्याकडे वळले. बिचारी, अशा नजरेने. आणि मी, नंदा मॅडम, इतकी वर्षं पोरांना खरं बोलायला लावणारी, मला आत्ताच कळतंय असा चेहरा करून उभी राहिले. एका बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

उतरताना मी विचारलं, "असं का सांगितलंत?"

"तुला ह्या लोकांत ऱ्हायाचंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. मी दार अडवलं, अक्षरशः हात पसरून. ते चिडले नाहीत. म्हणाले, "इतकं दिस तुझ्या घरचं खाल्लं, ते पचलं गं. पर माझ्यापायी तू खोटं बोललीस, आन तुझ्यापायी मी. ते न्हाय पचत." जाताना वस्तीत कमलकडे जाऊन आले. काय बोलले ते मला कधी सांगितलं नाही. कमल त्यानंतर टेकडीवर दिसली नाही. तिच्या शेळ्यांचं काय झालं, मला माहीत नाही. विचारायला मी गेले नाही.

तेव्हापासून आबा अंथुर्ण्यात. जमीन चुलतभावाकडे वाट्याने आहे, पण एक एकर त्यांनी परत मागून घेतली. रविवारी फोन होतो. पाणी कधी सुटलं, कारखाना कधी बंद होणार, ऊस कुणाचा राहिला. मी म्हणते या, ते म्हणतात बघू. केस वगैरे काही झाली नाही. मोडककाकांनी कुठे लिहून दिलं नाही, उलट आबांना दर पाडव्याला फोन करतात हे मला बाहेरून कळतं. मला वाटायचं, मी कामाने दमले आहे. पेपर, घर, बस, गुडघे. सुटीत झोपून काढलं तरी थकवा उतरत नाही. एखादी वस्तू हातात धरून उभं राहायचं आणि ती खाली ठेवायला जागा नाही, असा तो थकवा आहे.

या रविवारी मी गेले. का, ते नीट सांगता येणार नाही. दूध तापवत होते, खिडकीतून माणसं रांगेने चढताना दिसली, आणि मी गॅस बंद करून विळा शोधला. भाजीचा विळा, मुठीचा. चढताना चार वेळा थांबले. मागच्या उताराला आले आणि बघतच राहिले. बुडापासून छाटलेल्या त्या खोडांना तीन-तीन, चार-चार फांद्या फुटून माझ्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. सगळी नाहीत. निम्मी असतील. काही नंबराचे पत्रे नुसत्या मातीत उभे होते.

मोडककाका वाकून गवत कापत होते. पार वाळलेत. मी शेजारी बसले, गवताची मूठ धरली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "काका, त्या आगीचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आबा सांगायला निघाले होते, मी अडवलं. चुलीचं तुमच्या डोक्यात मीच घातलं. कमलवर आळ आला तो माझ्यामुळे."

विळ्याचा आवाज थांबला. मला वाटलं, आता ते म्हणतील की जाऊ द्या, झालं गेलं. ते म्हणाले नाहीत.

"ती बाई आली नाही पुन्हा," म्हणाले. "मी दोनदा गेलो होतो वस्तीत. खोली रिकामी होती." मग पट्ट्याच्या टोकाकडे विळा दाखवला. "तिकडून धरा. दहाच्या आत उरकायला हवं."

आम्ही कापत राहिलो. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही आणि मला ते बरं वाटलं. साडेनऊला हात चालेना, तेव्हा मी बाजूला होऊन आबांना फोन लावला. त्यांच्या मागून मोटारीचा आवाज येत होता.

"आबा, मी मोडककाकांना सांगितलं. सगळं. माझंसुद्धा."

पलीकडे नुसती मोटार.

"पाण्याची पाळी मंगळवारपातूर हाय," आबा म्हणाले. "बुधवारी येतो."

मी हातातला विळा खाली ठेवला.

"वरच हायस न्हवं?"

"हो."

"मग बस जरा. लई दमलीयास."

मी बसले.